थोरलीला बरोबर न्या!

गेल्या वर्षी वैशाखात माझी भाची अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून पुण्याला आली. तिच्याबरोबर तिचा नवरा होता, सात वर्षांची मुलगी होती आणि चार अवजड बॅगा होत्या. तीन आठवड्यांनी ती मंडळी परत गेली तेव्हा बॅगा तीन होत्या आणि माणसे चार. चौथा माणूस अडीच वर्षांचा होता. तो पुण्यातल्या एका संस्थेत वाढला होता आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकुमाने माझ्या भाचीचा मुलगा आणि त्या सात वर्षांच्या मुलीचा भाऊ झाला होता.

निघण्याच्या आदल्या रविवारी मी आप्तेष्टांना जेवायला बोलावले. सगळ्यांनी मुलाला पाहिले, त्याचे गाल ओढले, त्याच्या हातात नोटा कोंबल्या. दत्तक घेण्याबद्दल एकही वाकडा शब्द कुणी उच्चारला नाही. काळ बदलला आहे हे मान्य केलेच पाहिजे. पण पहिली पंगत उठते न उठते तोच दुसरीच कुजबुज सुरू झाली. "मुलाला न्यायला आलात ते उत्तमच केलेत हो, पण त्या पोरीला कशाला एवढ्या लांब फरफटत आणलीत?" आमच्या इमारतीतल्या निवृत्त मुख्याध्यापकांना तिच्या बुडालेल्या शाळेची काळजी. नात्यातल्या एका डॉक्टरीणबाईंना जंतूंची काळजी. आमच्या वन्संना सर्वांत मोठी काळजी. त्या म्हणाल्या, "लहान मुलांनी असली ठिकाणे पाहू नयेत. ठेवायची होती तिच्या तिकडच्या आजीकडे. मूल घरी आले की भाऊ म्हणून हातात दिला, झाले!"

मी त्या दिवशी गप्प बसले. ज्याच्या हातात आपणच बासुंदीची वाटी दिली आहे त्याच्याशी भांडू नये, असे माझ्या आईने मला शिकवले होते. वाचकहो, तुमच्या हातात आत्ता काय आहे ते मला दिसत नाही. तेव्हा आता बोलते.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: दुसरे मूल दत्तक घ्यायला दूरदेशी जाणाऱ्या आईबापांनी थोरल्या मुलाला बरोबर नेलेच पाहिजे. ते हौस म्हणून नव्हे, त्या मुलाचा हक्क म्हणून. आणि त्याहीपेक्षा, येणाऱ्या मुलाचा हक्क म्हणून.

प्रथम आपल्याच घरातली जुनी रीत आठवा. बाईचे बाळंतपण माहेरी होई. दुसऱ्या खेपेला ती माहेरी निघाली की पहिले मूल तिच्या पदराला धरून बरोबरच जाई. आईचे पोट वाढताना ते पाही, आजीची लगबग पाही, खोलीच्या दाराशी घुटमळे, आणि एके सकाळी आतून रडणे ऐकू येई. बारसे झाले, सव्वा महिना झाला की ही मंडळी एस्‌टीने परत येत. दोन गेली होती, तीन होऊन आली. भाऊ कुठून आला हे त्या पोराला कुणी सांगावे लागत नसे. तो कोणत्या गावच्या, कोणत्या घराच्या, कोणत्या खोलीत आला हे त्याला जन्मभर पाठ असे.

दत्तक घेणाऱ्या घरात वाढणारे पोट नसते. असतात ते कागद. माझ्या भाचीने दीड वर्ष कागद केले. तिकडच्या मान्यताप्राप्त संस्थेकडे अर्ज, समाजसेविकेने घरी येऊन केलेली पाहणी, दिल्लीच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदणी, मुलाची माहिती, ना-हरकत दाखला, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, हेग करारानुसारचा दाखला, मुलाचा पासपोर्ट, त्याचा व्हिसा. मोठ्या माणसांनासुद्धा या साऱ्याचा शेवट होईल असे वाटेनासे होते. मग घरातल्या लहान मुलाला तो भाऊ आहे तरी कुठे, असे वाटले तर नवल काय? त्या मुलाला दिसेल, हाताला लागेल असा या साऱ्या वाटचालीचा एकच भाग असतो, तो म्हणजे प्रवास. आणि आपण नेमका तोच त्याच्यापासून काढून घ्यायचा?

यात एक विसंगतीही आहे. आपल्या देशाच्या दत्तक नियमांत जी कागदपत्रे मागितली आहेत त्यांत घरात पाच वर्षांहून मोठे मूल असेल तर त्याची संमती, असे एक कलम आहे. माझ्या नातीला साडेपाचाव्या वर्षी समाजसेविकेने समोर बसवून विचारले होते, "तुला भाऊ चालेल का?" तिने विचार करून "चालेल" असे सांगितले होते. म्हणजे कायद्याने त्या चिमुरडीच्या हो-नाहीला किंमत दिली. सरकारला जिची संमती लागते ती, प्रत्यक्ष भाऊ आणायच्या दिवशी मात्र, शेजाऱ्यांकडे ठेवायची कुंडी होते! लग्नाला मुलीची संमती घ्यायची आणि मांडवात तिला येऊ द्यायचे नाही, असाच हा प्रकार झाला.

आपल्याला हे खटकत नाही, कारण दत्तक म्हटले की आपल्या मनात अजून वंशाचा दिवा तेवत असतो. सातारचे राज्य १८४८ साली इंग्रजांनी खालसा केले ते दत्तक नामंजूर करून, एवढा इतिहास आपल्याला शाळेत शिकवला जातो. दत्तक म्हणजे गादी, दत्तक म्हणजे पिंडदान, दत्तक म्हणजे वाड्याची वाटणी. १९५६ चा हिंदू दत्तक कायदाही याच मातीत रुजला. घरात मुलगा असेल तर त्या कायद्याने दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलगी असेल तर दुसरी मुलगी घेता येत नाही. म्हणजे बहिणीला बहीण आणावी, भावाला भाऊ आणावा, ही कल्पनाच त्याच्या गावी नाही. ती वाट मोकळी केली २००० सालच्या बाल न्याय कायद्याने, आणि २०१५ च्या नव्या कायद्यातही ती मोकळीच आहे. आईबापाला मूल मिळते तेव्हाच मुलाला भावंडही मिळते, हे कायद्याला उमजायला एवढा काळ लागला. आप्तेष्टांना उमजायला थोडा अधिक लागेल, हे मी समजू शकते. पण तोवर मी स्वस्थ बसणार नाही.

आता आक्षेप एकेक घेऊ.

पहिला आक्षेप प्रवासाच्या हालांचा. हाल होतात, हे मी नाकारत नाही. घरापासून घरापर्यंत चोवीस तासांहून अधिक प्रवास, उतरल्यावर घड्याळ साडेनऊ तास पुढे, बाहेर वैशाखवणवा. दोन वर्षांवरच्या मुलाला विमानात स्वतंत्र तिकीट लागते, तो खर्च वेगळा. आमची नात पहिले तीन दिवस रात्री दोनला उठून भात मागत होती. पण हेच मूल मावसभावाच्या लग्नाला आणले असते तर कुणी हूं की चूं केले असते का? लग्नासाठी पोरांना घेऊन येणाऱ्या अनिवासी मंडळींनी डिसेंबरातली विमाने भरलेली असतात. त्या वेळी जंतू नसतात, शाळा नसते, हाल नसतात. लग्न ही घरातली गोष्ट आणि भाऊ येणे ही कचेरीतली गोष्ट, असा आपला हिशेब आहे. खरी चूक तिथे आहे.

शिवाय ही काही कुणी न केलेली गोष्ट नव्हे. १९९२ पासून चीनने परदेशी पालकांना मुले दत्तक देण्यास रीतसर सुरुवात केली आणि २०२४ च्या सप्टेंबरात ते दार बंद करीत असल्याचे जाहीर केले. या बत्तीस वर्षांत दीड लाखाहून अधिक मुले परदेशी गेली, त्यांतली निम्म्याहून अधिक एकट्या अमेरिकेत. अमेरिकन आईबाप तिथे साधारण दोन आठवडे राहत. आधी त्या त्या प्रांताच्या राजधानीत मूल हाती येई, मग सगळ्यांना दक्षिणेकडच्या ग्वांगजौ शहरात यावे लागे, कारण मुलांचे अमेरिकन व्हिसा तिथल्या वकिलातीतून मिळत. नदीकाठच्या व्हाइट स्वान हॉटेलात या कुटुंबांची इतकी वर्दळ असे की लाल कोचावर सगळ्या नव्या बाळांना ओळीने बसवून फोटो काढण्याची तिथे प्रथाच पडली. त्या कुटुंबांतून थोरली मुलेही असत. कुणी पोटची, तर कुणी काही वर्षांपूर्वी त्याच देशातून नेलेली. त्या दुसऱ्या प्रकारच्या मुलीचा जरा विचार करा. ती पाच-सहा वर्षांची असताना आपल्या जन्मदेशात परत येते आणि मोठ्यांच्या खोलीत, डोळ्यांदेखत, एक बाळ एका हातातून दुसऱ्या हातात जाताना पाहते. आपलेही असेच झाले होते, हे तिला प्रथमच दिसते. हे दृश्य तिला सोपे जात असेल असे मी म्हणत नाही. पण ते तिचे आहे. तिला ते न दाखवता आजीकडे ठेवणे म्हणजे तिच्याच जन्मकथेतले पान फाडून ठेवणे होय.

दुसरा आक्षेप शाळेचा. मुख्याध्यापकांना माझा सविनय प्रश्न आहे. तीन आठवड्यांत त्या वर्गात असे काय शिकवले गेले असेल, जे या तीन आठवड्यांत ती शिकली त्याहून मोठे आहे? ती काय शिकली ते पुढे सांगते.

तिसरा आक्षेप मत्सराचा, आणि हा खरा आक्षेप आहे. दत्तक येणाऱ्या मुलाचे पहिले दिवस फार कठीण असतात. त्याला घर मिळते हे आपण पाहतो, पण त्याच क्षणी त्याचे एक घर तुटते हे आपण पाहत नाही. आमचा छोटा संस्थेतल्या ज्या बाईंना 'ताई' म्हणत असे त्यांनी त्याला भाचीच्या कडेवर दिला, तेव्हा त्याने फोडलेला टाहो मी विसरणार नाही. दोन दिवस तो आईला हात लावू देईना. बापाकडे पाहीना. दूध नको, वरणभात नको, केळे नको. अशा वेळी आईबापांचे सारे लक्ष त्याच्याकडे हवे, मध्ये थोरलीची कटकट नको, असे शहाणी माणसे म्हणतात.

तर तिसऱ्या दिवशी काय झाले ते ऐका. थोरली रुसून माझ्या जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली होती. आई दोन दिवस आपल्याशी धड बोलली नाही, हा तिचा राग. मी तिला चुरमुऱ्यांचा वाडगा दिला आणि तिथेच राहू दिले. थोड्या वेळाने छोटा रांगत टेबलाखाली शिरला. त्याला चांगले चालता येत होते, पण टेबलाखाली रांगावेच लागते. ती त्याच्याकडे पाहीना. तो तिच्याकडे पाहत राहिला. ती खात होती. त्याने हात घातला. तिने वाडगा ओढला, मग पुन्हा पुढे सरकवला. दोघांनी मिळून वाडगा संपवला. अठ्ठेचाळीस तासांतले त्याचे ते पहिले धड खाणे. मोठ्या माणसाचा हात त्याला नको होता, कारण मोठ्या माणसांनी त्याला उचलून कुठून कुठे आणले होते. पण आपल्यासारखेच एक लहान, तेही रुसलेले, टेबलाखाली बसून खात आहे, यावर त्याचा विश्वास बसला. संस्थेत तो मुलांतच वाढला होता. अंगाशी अंग लावून जेवणारी मुले हेच त्याचे घर होते. ते घर त्याला आमच्याकडे फक्त एकीनेच दिले, आणि तिला म्हणे तिकडे ठेवायला हवी होती!

पूर्वी नवी नवरी सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण जात असे. परक्या घरात पहिले चार दिवस ओळखीचे एक माणूस जवळ असावे, एवढे शहाणपण आपल्या आज्यांना होते. या अडीच वर्षांच्या मुलाला ओहायोत पाठराखीण कोण होती? घर परके, थंडी परकी, भाषा परकी. आईबापांची ओळख तीन आठवड्यांची. पण त्यांच्याबरोबरच तीन आठवड्यांच्या ओळखीचे एक लहान तोंडही त्याच विमानातून उतरले होते. तिकडेच ठेवलेली थोरली दारात ओवाळायला उभी असती, तर तीही त्याला परक्यांपैकीच एक झाली असती. आणि तिला तरी तो कोण वाटला असता? आईबाबा तीन आठवडे आपल्याला टाकून गेले आणि येताना हा रडका पाहुणा घेऊन आले! मत्सर टाळण्यासाठी थोरल्याला घरी ठेवणे म्हणजे मत्सराला तीन आठवडे खतपाणी घालणे.

खोटे कशाला बोलू, मत्सर झालाच. दुसऱ्या आठवड्यात तिने त्याला दंडाला कडकडून चिमटा काढला आणि आईला म्हणाली, "ह्याला परत देऊन टाक." भाची रडू लागली. मी तिला म्हटले, "अगं, पाठच्या भावंडाला परत देऊन टाका असे न म्हणणारे थोरले मूल मी तरी पाहिलेले नाही. तू जन्मलीस तेव्हा तुझ्या दादाने तुला बोहारणीला देऊ केले होते." दंडावर वळ उठणे हे भावंडपण लागू झाल्याचे लक्षण आहे. तो वळ पुण्यात उठला, आम्ही चार माणसे आसपास असताना. ओहायोत, आईबाप प्रवासाने मोडून पडलेले असताना आणि घरात दुसरे कुणी नसताना उठण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

आता वन्संच्या आक्षेपाकडे येते. "लहान मुलांनी असली ठिकाणे पाहू नयेत." या वाक्याशी माझे खरे भांडण आहे.

ती काय पाहते हो तिथे? संस्था स्वच्छ होती. बाया मायेच्या होत्या. संध्याकाळी एक ताई देवाजवळ निरांजन लावत आणि सगळी पोरे ओळीने हात जोडून बसत. आम्ही चार वेळा गेलो, चारही वेळा थोरली बरोबर होती. दुसऱ्या खेपेला ती खाटा मोजत होती. मोजून झाल्यावर माझा पदर ओढून तिने विचारले, "मावशीआजी, बाकीच्यांना न्यायला कोण येणार?"

वन्सं, तुम्ही ज्याला घाबरता तो हाच प्रश्न. तुम्हाला मुलीच्या डोळ्यांची काळजी नाही. तिच्या तोंडाची भीती आहे. कारण तिच्या प्रश्नाला आपल्यापैकी कुणाकडेही उत्तर नाही. मीही गप्प झाले. तिथल्या ताईंनी खाली बसून तिला सरळ सांगितले, "काहींना येतील. काहींना अजून कुणी सापडलेले नाही. आम्ही शोधतो आहोत." ती म्हणाली, "लवकर शोधा." त्या दिवसापासून तिच्या लेखी आपला भाऊ 'बिचारा' राहिला नाही. तो एका मोठ्या घरातून आलेला, जिथे त्याची बरीच भावंडे मागे राहिली आहेत असा, एक मुलगा झाला. माझ्या जेवणाला आलेल्या निम्म्या लोकांनी त्या दोघांच्या देखत म्हटले, "भाग्य उजळले हो पोराचे!" आणि दोघांनी तर चक्क विचारले, "म्हणजे ही तुमची स्वतःची, आणि हा दत्तक ना?" असली ठिकाणे मुलांनी पाहू नयेत म्हणता? मग आपल्या दिवाणखान्यांत त्यांना अगोदर आणू नका. संस्थेत तिच्या कानांवर एकही हिणकस शब्द पडला नव्हता.

आणि पाहणारे कुणी असावे, याला एक मोठे कारण आहे. परदेशी दत्तक देण्याचा इतिहास फारसा उजळ नाही. १९५५ साली अमेरिकेतल्या होल्ट नावाच्या जोडप्याने कोरियातल्या युद्धानंतरची आठ मुले दत्तक घेतली आणि त्यानंतर त्या देशातून मुलांची रीघ लागली. त्यांतली कितीतरी मुले सोबत्यांच्या हवाली करून विमानात बसवली गेली. आईबाप त्यांना विमानतळावरच प्रथम पाहत. मूल कुठून आले, कुणाच्या हातून आले, हे पाहिलेले एकही माणूस त्या घरात नसे. घरी एक फाईल असे, तेवढीच. २०२५ च्या मार्चमध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने स्वच्छ सांगितले की त्या फायलींपैकी कितीतरी खोट्या होत्या, आईबाप असलेल्या मुलांना अनाथ म्हणून नोंदवले होते, एकाच्या नावावर दुसरेच मूल पाठवले होते. नेदरलंड्सने चौकशी समितीच्या अहवालानंतर २०२१ साली परदेशातून मुले दत्तक घेण्याला स्थगिती दिली, आणि २०२४ साली ती प्रथा टप्प्याटप्प्याने कायमची बंद करण्याचे ठरवले.

आपणही फार वेगळे नव्हतो. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. परदेशी दत्तक देण्यात गैरव्यवहार चालतात आणि कोवळ्या मुलांना दूरदूरच्या देशांच्या भयंकर प्रवासाला जुंपले जाते, अशी त्यात तक्रार होती. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि १९८४ साली न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल देऊन या व्यवहाराला प्रथमच शिस्तीची चौकट घातली. पुढे १९९० मध्ये केंद्रीय यंत्रणा आली, २००३ मध्ये भारताने हेग करार मंजूर केला, आणि आता आपले नियम सांगतात की मुलाला न्यायला आईबापांनी स्वतः भारतात आले पाहिजे. मूल हे टपालाने जाणारे पार्सल नाही, हे एवढे ठरायला किती वर्षे लागली पाहा. माझे म्हणणे एवढेच की या सुधारणेचे आणखी एक पाऊल आपण घरच्या घरी टाकावे. आईबाप येतातच, तर थोरल्यालाही आणावे. आईबाप आपल्याआधी जातात. आयुष्यभर सोबत राहते ते भावंड. चाळीस वर्षांनी त्या मुलाने "मी कुठून आलो?" असे विचारले तर फायलीपेक्षा चांगले उत्तर देणारे एक माणूस तेव्हा जगात असेल. तिने ती खोली पाहिली आहे, त्या खाटा मोजल्या आहेत.

सरसकट सगळ्यांनी न्यावे, असे मात्र मी म्हणत नाही. थोरले आजारी असेल, अगदी तान्हे असेल, किंवा आई एकटीच जात असेल आणि हाताशी कुणी नसेल, तर न्यायचा हट्ट धरू नये. न्यायचे तर तिसरे मोठे माणूस हवेच. आजी असो, मावशी असो, मामा असो. त्याचे काम छोट्याला पाहण्याचे नाही. छोट्याला आईबापच हवेत. त्या माणसाने थोरल्याचे व्हायचे. त्याला पर्वतीवर न्यायचे, आंबा कापून द्यायचा, रुसला तर टेबलाखाली राहू द्यायचे. आणि एक करू नये. "आता तू मोठी झालीस हं, समजून घे," हे वाक्य त्या तीन आठवड्यांत तोंडातून काढू नये. ती मोठी झालेली नाही. ती थोरली झाली आहे. दोन्ही एक नव्हेत.

आपल्या भाषेत पुढच्या भावंडाला 'पाठचे' म्हणतात, कारण ते आपल्या पाठीमागून येते. येताना आपण ते पाहिलेले नसते. हा भाऊ मात्र तिच्या समोरून आला. ती त्याला सामोरी गेली.

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला फोनवर त्या मंडळींचा चेहरा पाहिला. ओहायोत सकाळ होती. पाटावर छोटा बसला होता आणि थोरली ताम्हण घेऊन ओवाळत होती. छोट्याने गाल फुगवले आणि निरांजनावर जोरात फुंकर मारली. सहा महिन्यांत त्याने तिकडचे बरेच वाढदिवस पाहिले होते. आईबाप हसू लागले. ती मात्र हसली नाही. तिने निरांजन पुन्हा लावून घेतले आणि त्याला म्हणाली, "असं नाही करायचं. तुझ्या पुण्याच्या घरी ताई लावायच्या, तेव्हा तू काय करायचास? हात जोडून बसायचास ना? मी पाहिलंय."

भाचीने माझ्याकडे पाहिले. संस्थेतले ते निरांजन तिच्या ध्यानातही नव्हते. चारही खेपांना ती कागदांवर सह्या करत होती. मुलगा तर ते केव्हाच विसरला असणार. त्या घरात ते आठवत होते फक्त एका व्यक्तीला, आणि तिने त्याची ठेव त्याला परत दिली.

वन्सं, यंदाच्या दिवाळीत आपण पुन्हा एका पंगतीला बसू, आणि मी पुन्हा गप्प बसेन, कारण बासुंदी तुमच्या हातची असेल. पण ज्या कुणा आईबापांच्या हातात आज विमानाची तिकिटे आहेत आणि थोरल्याला कुठे ठेवावे असा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांना माझे सांगणे आहे की तो प्रश्नच चुकीचा आहे. त्याचे तिकीट काढा.